कुळथाच्या डब्यातले पैसे

डिजिटल रुपया आणावा की नाही, यावर आमच्या बँकेच्या मुलुंड शाखेत दोन दिवस ट्रेनिंग झालं. आणावा की नाही कसलं, आणलाच होता. आम्हाला फक्त तो लोकांच्या गळ्यात मारायचा होता. साहेब म्हणाले, ही नोटच आहे, फक्त कागद नाही. मी मान डोलावली. मला महिन्याभरात पन्नास जणांची वॉलेट उघडायची होती आणि गाडी एकोणपन्नासावर अडली होती.

म्हणून मी वाकोल्याला मावशीकडे गेले. आईची धाकटी बहीण. तिचा नवरा, आमचे काका, दारू पितात असं म्हणणं म्हणजे फारच सभ्यपणा झाला. घरात पैसा म्हणून टिकू दिला नाही त्या माणसाने. तरी मावशीने चार घरी पोळ्या लाटून आठ वर्षांत मुलीच्या नर्सिंगच्या फीपुरते पैसे जमवले होते. ते कुठे असतात हे फक्त मला आणि त्या मुलीला ठाऊक होतं. कुळथाच्या पिठाच्या डब्यात. मालवणी माणूस असूनही काकांना पिठी नुसती बघून शिसारी येते, त्यामुळे त्या डब्याला त्यांनी कधी हात लावला नाही.

"मावशी, फोनमध्ये ठेव. कुणाच्या बापाला सापडणार नाहीत." हे मीच म्हटलं.

"माका ह्यातला काय कळणा नाय, बाये. तू सांगतंस मां, मग ठेव."

तिने नोटा पदराने पुसून दिल्या. तरी बँकेत मोजायचं मशीन पिठाने दोनदा अडकलं आणि आम्ही सगळ्या हसलो. माझे पन्नास पूर्ण झाले.

आठवड्याने तिच्या फोनवर मेसेज वाजला, वॉलेटमध्ये इतकी शिल्लक आहे म्हणून. फोन तेव्हा काकांच्या हातात होता. मॅच बघायला ते तिचाच घ्यायचे, आणि हे मला माहीत होतं. त्यांनी पिन विचारला. तिने सांगितला नाही. मग सांगितला. मधे काय झालं ते मला तिच्या उजव्या मनगटाच्या प्लास्टरवरून कळलं. दुपारपर्यंत सगळे पैसे ऑनलाइन रमीत गेले.

मी साहेबांशी भांडले. ते म्हणाले, पिन बरोबर होता ना, मग व्यवहार बरोबर. मेला नियमाने बोलत होता.

टीव्हीवर मोठमोठी माणसं अजून वाद घालतात. सरकारला आपला खर्च दिसेल का, काळा पैसा थांबेल का. बाईला पैसे घरातल्याच माणसापासून लपवावे लागतात, हे त्यांच्यातल्या एकालाही सुचत नाही. त्यांच्या बायका त्यांना सांगतील तरी कशाला? पण मला तर सांगितलं होतं. मला डबासुद्धा माहीत होता.

मुलीची ॲडमिशन हुकली. ती आता घाटकोपरला मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते, माझ्याशी बोलत नाही. परवा मी गेले तर मावशीने पिठी-भात केला होता. डाव्या हाताने वाढला. मी खाली मान घालून जेवत होते. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिने आणखी थोडा भात घातला आणि अगदी काळजीने विचारलं, "तुझा टार्गेट पुरा झाला मां, गो?"

झालं, मी म्हटलं.