ठेच्याच्या पाट्यावरची गाठी

गोजरा माही धाकटी बहीन. पाठची, सख्खी. कामरगावात तिच्यासारखी हुशार बाई तवाबी नोती अन् आजबी नाई, हे मी कोनाच्याबी ओट्यावर बसून सांगीन. मी चौथीपर्यंत शिकलो, थे तं शाळेची पायरीबी चढली नाई. पन एकदा पायलं का झालं, काम तिच्या हातात बसलंच. लहानपनी कारंज्याच्या बजारात आमी बैल पायत फिरो अन् हे हलवायाच्या भट्टीपाशी उभी राहे. पाक कसा उकळते, दोरा कवा ठेवते, सारं पायत राहे.

लढाईच्या दिवसाईतली गोष्ट हाये. गोजरा बाळंतपनाले माहेरी आलती. पोरगा झाला, चार मयन्याचा झाला, अन् होळी आली. आता पयल्या होळीले लेकराच्या गळ्यात गाठी पायजे, साखरेच्या पदकाईची माळ, अन् थे मामाच्या घरची पायजे. मामा म्हंजे मी. होळीच्या दिवशी तिची सासू तुळसाबाई मंगरूळपीराहून नातवाले पाहाले येनार होती.

तुळसाबाई म्हंजे जिभेची मोठी तेज. गोजराच्या लग्नात आमचं वरन जरासं पातळ झालतं. तीन वर्स झाले, पोरीले रोज एका घासाले थे वरन आयकाले भेटे. आता गाठी नसली तं जलमभर गाठीबी आयकनं आलं.

अन् लढाईपायी साखर तं कुठीच नोती. मी कारंज्याले जाऊन आलो. हलवाई म्हने, "जगदेवभाऊ, औंदा भट्टीच पेटवली नाई. गाठी कायची करू, मातीची?"

मी तोंड पाडून घरी आलो. गोजरा म्हने, "दादा, इस्माईलभाऊच्या दुकानात थे बरनी हाये ना अजून?"

इस्माईलच्या दुकानात लिमलेटच्या गोळ्याईची एक बरनी होती. लाल-पिवळ्या गोळ्या. दोन पावसाळे बसून साऱ्या गोळ्याईचा एकच गोटा झालता. कोनी घे ना, इस्माईल फेके ना. गोजरानं मांगतली तसा तो हासाले लागला.

"अवं बाई, हे फोडाले सुतार लागन. कायले पायजे तुले?"

"तुमी द्या तं खरं. होळीवर येजा पाहाले."

"ने, पन बरनी वापस आनजो. गोटा तुले, काच मले."

होळीच्या दिवशी सकाळीच तिनं बरनी उन्हात ठेवली. गोटा सुटला. म्या त्याचे दोन तुकडे केले. तिनं एक तुकडा पातेल्यात टाकला, घोटभर पानी, चार थेंब निंबू, अन् खाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्याईचा बारीक जाळ. पाकाची मैली काढनं नाई, त्याच्यासाठी दूध टाकनं नाई. हलवायाचं दिवसभराचं काम कारखान्यानं आंधीच करून ठेवलतं, हिनं फकत वितळवलं. थंड्या पान्यात थेंब टाकून पायला, टनक झाला. पाट्याले तेल लावलं, वरून दुहेरी दोरा ठेवला, अन् पळीनं रुपयाएवढे गोल टाकत गेली. रंग कसा आला? लाल-पिवळं मिसळून डिट्टो पळसाचं फूल!

म्या एक पदक तोंडात टाकलं अन् उडालोच. पाटा तं ठेच्याचा! कालच त्याच्यावर मिरच्या अन् लसून वाटलता. धुतलता, पन वीस वर्साचा ठेचा कुठी धुतल्यानं जाते?

गोजरा मटकन खाली बसली. "दादा, आता वरन बी आलं अन् मिरची बी."

"ऊठ," म्हनलं, "अर्दा गोटा बाकी हाये अजून."

तिनं डोळे पुसले, पितळी परात उलटी पाडली अन् बुडाले तेल लावलं. एकच माळ होईन एवढा माल होता. एक थेंब वाया जाऊ देल्ला नाई तिनं. अकरा पदकं झाले, आरपार उजेड दिसे. तिखटवाली माळ तिनं फडक्यात बांधून कोनाड्यात खुपसली.

दुपारी तुळसाबाई आली. बैलाच्या दमनीतून उतरली नाई तं म्हने, "काय गा जगदेव, गाठी हाये का नातू कोराच नेतं होळीवर? साखर तं मुलखात नाई म्हंतात."

मी हासत बैल सोडाले लागलो.

संध्याकाळी होळी पेटली. अख्ख्या गावात एका लेकराच्या गळ्यात गाठी नाई, अन् आमच्या भाच्याच्या गळ्यात अकरा पदकाईची माळ, जाळाच्या उजेडात निखाऱ्यावानी चमकून राह्यली! बायाईनं गराडा घातला. इस्माईल लांबूनच वरडला, "अरे, हे तं माहा गोटा!" तुळसाबाई ताठ उभी. ज्यानं इचारलं त्याले सांगे, "माह्या सुनेनं केली."

म्या मंधातच म्हनलं, "सून मंग, बाई. पयले बहीन माही."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाह्यतो तं कोनाडा रिकामा. गोजराचं तोंड पांढरं झालं. बाहीर आलो तं तुळसाबाई ओट्यावर, मांडीवर फडकं, गालात पदक, डोळ्यातून पानी.

"सुनबाई," तिनं हाक देल्ली, "हे तिखी गोळी कायची वं?"

गोजरा खालमानेनं सासूले म्हने, "चुकलं मामी. ठेच्याच्या पाट्यावर टाकल्या."

"चुकलं कायचं? आठ दिसाची सर्दी मोकळी झाली माही. चार मी खाल्ल्या." अन् मले म्हने, "जगदेव, आमच्या घरचा पाटा नवा हाये, त्याले असी चव नाई येनार. हा देतं का?"

तुळसाबाईचं निघाचं दोन दिसांनी होतं. पन म्या तो पाटा तवाच उचलला अन् एकट्यानं दमनीत चढवला. वरनाचं नाव कोनीच काढलं नाई.