रेणूने अडवलेलं विमान

माझी बायको रेणू शमशाबादच्या विमानतळावर विमानं तपासते. उड्डाणाआधी टॉर्च घेऊन विमानाभोवती फिरायचं, कुठे तेल पाझरतंय, कुठे तडा गेलाय ते हुडकायचं आणि मग सही करायची. सही नाही तर उड्डाण नाही. ही सवय ती बरकतपुऱ्याच्या घरातही आणते. मी तिला पाहायला गेलो तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, तुमच्या स्कूटरचा मागचा ब्रेक लागत नाही का? लागत नव्हता. तरी लग्न झालं, हे मी अजून मिरवतो.

माझी आई सुशीलाबाई मात्र या कामाला खुसपटं काढणं म्हणते. त्याचा पगार मिळतो याचं तिला नवल वाटतं.

गेल्या हिवाळ्यात पुण्याला माझ्या मामेभावाच्या, प्रथमेशच्या मुलाचं बारसं होतं. प्रथमेशला बहीण नाही, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्याच्या आत्याचा, म्हणजे माझ्या आईचा. नवराबायकोने नाव ठरवलं होतं कियान. आईने ठरवलं होतं हणमंत, तिच्या वडिलांचं.

"कियान म्हणजे खोकल्याचं औषध वाटतंय. एकदा मी कानात बोलले की बोलले," असं तिने जामबागच्या अख्ख्या भिशीला सांगून ठेवलं. बातमी पुण्याला पोचायला कितीसा वेळ लागतो? प्रथमेशचा रेणूला फोन आला, "वहिनी, तेवढं विमान अडवा की." रेणू हसली आणि तिने ते आईलाही सांगून टाकलं. तिच्या पोटात काही राहत नाही.

आणि बारशाच्या दिवशी खरंच आमचं विमान अडलं. आम्ही बसलो होतो तिथल्या काचेतून खाली पाहिलं तर चाकाशी गुडघे टेकून रेणू. शेजारच्या खुर्चीवरचे एक चाचा चौकशी करून आले होते. "टायर को इत्ता सा कट है बोलते. इसपे कोई विमान रोकता क्या?"

थोड्या वेळाने रेणू वर आली. "आई, काप खोल आहे. आतले धागे दिसतायत. चाक बदलल्याशिवाय मी सही करणार नाही."

"हौ, नेमका आजच दिसला," आई म्हणाली. "मला नक्को शिकवू. प्रथमेशने सांगितलं, तू केलंस."

रेणूला कुणी काहीही बोललं तरी ती मनावर घेत नाही, पण तिच्या सहीवर संशय घेतला की तिचे डोळे भरून येतात. मला आईचा भयंकर राग आला. रेणूने डोळे पुसले, फोन काढला आणि आईच्या कानाजवळ स्पीकर लावला.

"वहिनी, मानलं तुम्हाला," प्रथमेश खुशीत होता. "आम्ही उरकून घेतो. हिची मावशी सांगेल नाव."

"पाळण्याला हात लावायचा नाही. आई पोचेपर्यंत थांबा. नाहीतर तुमच्या बाबांनाच फोन लावते."

"अहो पण हणमंत..."

"ते तुम्ही बघा. मी टायरसाठी विमान थांबवलंय. आईंच्या मागे बारसं झालं तर माझ्या सहीवर कोण विश्वास ठेवेल?"

चाक बदललं, बोलावणं आलं, तेव्हा आई दारात पास तपासणाऱ्या मुलीसमोर अडून उभी राहिली. "माझ्या सुनेने सही केली का? तिने केली असेल तरच मी बसते." मागून चाचा म्हणाले, "मैं भी वोइच पूछने वाला था."

पुण्यात पाहुणे दोनदा जेवून कंटाळले होते. आईने पाळण्यात वाकून कुर्र केलं आणि पोरगं हणमंत झालं. आईबाप कियान म्हणून हाक मारतात, तो ढुंकूनही बघत नाही.

आई आता भिशीत रेणूच्या टॉर्चचं कौतुक सांगते. प्रथमेश मात्र रेणूशी बोलत नाही. तिने टायरसाठीच विमान अडवलं, याची त्याच्याइतकी खात्री जगात दुसऱ्या कुणालाच नाही.