आमच्या बसमधलं इंग्लिश

मी काही लिहावं इतकं माझं वाचन नाही. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे चुकलं तर सांगणारंही कुणी नाही. तरी लिहितो आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या धाड गावाहून बुलडाण्याला सकाळची बस असते. पहिल्या वर्षाला आमच्या सरांनी इंग्लिशची काही क्रियापदं पाठ करायला दिली होती. वॉन्ट, होप, डिसाइड, रिफ्यूज, प्रॉमिस, अ‍ॅग्री. त्यांच्यानंतर 'टू' आणि पुढचं क्रियापद. माझ्या ती लक्षात राहत नव्हती. तेव्हा आपानं खेळ काढला. आपा म्हणजे बाजारपेठेतल्या टेलरचाचांची मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. बसमधले आम्ही सगळे तिला आपाच म्हणायचो.

खेळ सोपा होता. ज्याच्यावर जे क्रियापद येईल, त्यानं बसमधल्या माणसांवरच वाक्य करायचं. 'द कंडक्टर प्रॉमिस्ड टू स्माइल.' बाजाराच्या दिवशी कुणाच्या तरी पिशवीतून कोंबडीनं मान काढली, तर 'द हेन रिफ्यूज्ड टू गो टू बुलडाणा.' आणि कुणी विचारलं तर मराठीत अर्थ सांगायचा, हाही नियमच. भाजी घेऊन येणारी एक मावशी रोज विचारायची, "काय म्हनले बे?" सांगितलं की पदर तोंडाला लावून हसायची.

'होप' आलं की आपाचं वाक्य ठरलेलं असायचं. आय होप टू बिकम अ टीचर. जालन्याला बी.एड. करायचं, होस्टेलला राहायचं, एवढंच तिला हवं होतं. पण चाचा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. विषय निघाला की मशीन जोरात चालवायचे, असं तीच सांगायची. सकाळी ते तिला सोडायला स्टँडवर यायचे, पण लांब, चहाच्या टपरीपाशी उभे राहायचे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची ती आपाच. रुमाल त्यांच्या दुकानातल्या उरलेल्या कापडाचा, दर महिन्याला वेगळ्या रंगाचा.

परीक्षेच्या थोडं आधी चाचा आमच्याच बसला चढले. बुलडाण्याहून अस्तर आणि बटणं आणायची होती. मावशीनं सरकून त्यांना जागा दिली. आम्ही जरा हळू आवाजात खेळत होतो. 'अ‍ॅग्री' आपावर आलं. तिनं एकदा खिडकीबाहेर पाहिलं. मग स्पष्ट म्हणाली, "माय फादर अ‍ॅग्रीड टू सेंड मी टू जालना."

"काय म्हनली पोरगी?" मावशी.

मी सवयीनं मोठ्यानं सांगून टाकलं, "अब्बा जालन्याले पाठवायले तयार झाले म्हणते."

"अगं बाई! चांगलं केलं हो भाऊ!" मावशी चाचांकडे वळली. "मले वाटे, तुमी काई तिले पाठवत नाही."

"चाचा, मंग पेढे कधी?" कंडक्टर मागून ओरडला. दोघं-तिघं हसले. एका म्हाताऱ्यानं तर त्यांचा हात हातात घेतला.

"मी? अबे, मी कधी..." चाचांनी मागे वळून आपाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. मग ते समोर वळले आणि बुलडाण्याला बस थांबताच उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी आपा आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही. परीक्षेलाही ती दुसऱ्या कुणाच्या गाडीतून गेली म्हणे. माझ्याकडे तिचा नंबर नव्हता, आणि दुकानात जाऊन विचारायची हिंमत नव्हती. सुट्टीत मी बीबी गावाला मामाकडे होतो. तिथं सोयाबीनसाठी शेत तयार करताना तेच मनात यायचं. आपण तोंड उघडलं नसतं तर?

कॉलेज सुरू झालं तसा मी पुन्हा त्या बसला बसलो. नवी पोरं मोबाइलमध्ये मान घालून होती. मावशी म्हणाली, "आता काई मजा नाही राह्यली बे." तिकीट फाडताना कंडक्टरला धीर करून विचारलं, "टेलरचाचांची आपा येत नाही का आता?"

"तुले नाही माहीत?" तो थांबला. "मागच्या हप्त्यात माही जालन्याची ड्युटी होती. पाह्यतो तं चाचा खिडकीतून रुमाल टाकून राह्यले पोरीसाठी. पेटी सोता चढवली. मी म्हनलं, चाचा, कुठी? तं म्हने, काऊन, तुमच्याच गाडीत तं ठरलं होतं."