परत पाठवलेली वांगी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते नीट कळत नाही — पण सांगतो.

आदिलाबादला एका केटरिंगवाल्याच्या स्वयंपाकघरासाठी मी खरेदी बघतो. भाजी, धान्य, तेल, गॅस — लागेल ते. खरेदीवाला म्हटलं की लोकांना एकच संशय येतो: हा मधे खात असणार. मी कधी कोणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही, आणि या गोष्टीचा मला फार माज होता. हात स्वच्छ म्हणजे माणूस स्वच्छ, असं मीही धरून चाललो होतो.

दुसरा गैरसमज आमच्या धंद्यातलाच — थोडं जास्त मागवून ठेवलं की चिंता मिटते. मिटते ना, मागवणाऱ्याची. पण ते जास्तीचं कोणीतरी शेतातून तोडलेलं असतं, हे फोन करताना डोळ्यांपुढे येतं का? माझ्या तरी नाही आलं.

गोष्ट चंपाषष्ठीची. आमच्याकडे मराठी घरांत चातुर्मासापासून वांगं बंद असतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग ते सुटतं. म्हणजे इतके दिवस ज्याला कोणी विचारत नाही, ते त्या एका दिवशी सगळ्यांनाच हवं असतं. त्या वर्षी एका महाप्रसादाचं काम आमच्याकडे होतं. जवळच्याच तलमडुगु गावच्या मारोतीकाकांना मी बरंच आधी फोनवर सांगून ठेवलं. काका भाजीपाला पिकवतात, माझ्या वडिलांच्या ओळखीचे, शब्दाला पक्के. लिहून कोणी घेत नाही. एकदा हो म्हटलं की झालं. त्यांनी बाकीच्या गिऱ्हाइकांना नाही म्हणून सगळी वांगी माझ्यासाठी राखली. तरी मला भीती वाटायला लागली — त्यांचा टेम्पो ऐन वेळी बंद पडला तर? भरीत नाही तर नैवेद्य कसला? मग मी बाजारातल्या एका अडत्यालाही तेवढाच माल सांगितला. काकांना कळवलं नाही.

आले दोघेही. अडत्याची गाडी आधी आली, कोठी भरली. मग काकांचा टेम्पो फाटकात उभा राहिला, आणि नेमके मालक तिथेच. ही कुठली गाडी, त्यांनी विचारलं. मला म्हणता आलं असतं — माझी चूक, दोघांना सांगून बसलो. फार तर चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते. एवढंच.

मी म्हणालो, माल बघून घेतो. आणि पोती उचकायला लागलो. कशी होती वांगी? हिरवी, काटेरी, देठ अजून ओले. एक कापलं — पांढरं शुभ्र. दुसरं — तसंच. मी तपासत नव्हतो, शोधत होतो. हा फरक मला तेव्हाही कळत होता. शेवटी एक किडकं सापडलं. पोतंभर वांग्यांत एखादं निघतंच, कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. ते मी मालकांपुढे धरलं.

"भाऊ, एकाच्यापायी सारा माल काऊन परत करून राह्यले?" काका हळूच म्हणाले.

"शितावरून भाताची परीक्षा असते, काका."

आणि जाणकार दिसावं म्हणून वर जोडलं — कीड बियाण्यातच असेल. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. खरेदीला माणूस असा कडक पाहिजे, म्हणाले. मला — खोटं कशाला बोलू — बरं वाटलं.

तुम्ही म्हणाल, काकांनी तो माल दुसरीकडे विकला असेल. मीही तेच धरून होतो. बाजार कुठे पळून जातो? पण काकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. रोज माल हाताळणारा, घरच्यासारखा माणूस किडकं म्हणतो, म्हणजे असेलच. देवाच्या दिवशी किडकी वांगी लोकांच्या गळ्यात मारायची नाहीत, म्हणून त्यांनी बाजारात गाडी थांबवलीच नाही. सगळा माल उकिरड्यावर टाकला. अजून कितीतरी तोडे निघाले असते, ती उभी झाडं उपटून जाळली. आणि गयाकाकू, त्यांच्या घरच्या — त्यांनी माहेराहून आणलेलं बी राखेत घोळून वर्षानुवर्षं जपलं होतं. ते वाण आसपास दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. ते बी काकूंनी चुलीत घातलं.

हे मला पुढे काकांच्याच तोंडून कळलं. ते तक्रार करत नव्हते, नुसतं सांगत होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी काय म्हणालो? म्हणालो, चांगलं केलंत.

आता ते दुकानातलं बी लावतात. पहिला तोडा ते विकत नाहीत. आधी मारुतीच्या देवळात, मग शेजारीपाजारी, ही त्यांची जुनी रीत. त्यात आता माझं घर आलं आहे. दर हंगामात पिशवी घेऊन येतात, ओट्यावर बसतात, आणि मी वांगी कापून बघेपर्यंत चहाला हात लावत नाहीत.

यंदाही आले. मी दोन-चार कापली. स्वच्छ होती. चवीला ही वांगी पाणचट लागतात, ते आम्हा दोघांनाही माहीत आहे.

"तुमी पाह्यलं म्हणजे मी बिनघोर इकतो," काका म्हणाले. "तुमी त्या वक्ती सांगतलं नसतं, तं आमी देवाच्या दिवशी लोकायले किडके वांगे चारले असते."

मी चाकू पुसला. चांगली आहेत, म्हणालो. त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला आणि ते बाजाराला गेले.