विमा बारा वाजल्यापासून

नव्या टायरचा वास आला की मुलुंडचं ते मोटारसायकलचं दुकान आठवतं. सातवीत शाळा सोडून मालवणहून मुंबईला आलेलो, अठरा पूर्ण झाल्यावर लायसन नुकतंच मिळालेलं, आणि ज्यांच्याकडे कामाला होतो त्या मालकांची कोरी गाडी भांडुपला न्यायची होती. हार घातला, नारळ फुटला. "अमावास्या लागायच्या आत गाडी दारात पाहिजे, काढ रे!" मालक ओरडले. तोच दुकानातल्या कारकुनाने माझ्या हातातली चावी हिसकावली. "विमा दुपारी बारापासून सुरू. त्याआधी गाडी रस्त्यावर धावणार नाही." मालक भडकले, "अर्ध्या तासात कोण मरतंय?" "मेलंच कोणी, तर आत कोण जाणार? तुम्ही, का हे येडं?" त्यावर मालक माझ्याच अंगावर आले, "तोंड काय बघतोस? ढकलत ने!" "ढकल," चावी परत देत कारकून खेकसला, "पण इंजिन चालू केलंस तर तंगडं मोडीन." भर उन्हात गाडी ढकलत निघालो. मालक शेजारून शिव्या देत होते, आणि नोकरी गेलीच असं मी धरून चाललो होतो. नोकरी टिकली, पुढे गाड्या चालवूनच घर चाललं. त्या दुकानात माझी काळजी एकट्या त्या कारकुनाला होती, पण त्याचा अवतार बघून आभार मानायची छाती झाली नाही.