आईच्या वाढदिवसाला जन्मलेली पिल्लं

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं पुस्तकांची कार्डं लिहून ते तसं झालं, त्यात माझं कौतुक काही नाही. धाकट्या भावाचं अक्षर मात्र त्याचं त्यालाच दुसऱ्या दिवशी लागायचं नाही. अंबडच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्याने नाशिक रोडला दुकान टाकलं. आधी मासे, पक्षी आणि त्यांचं खाद्य, मग हळूहळू कुत्र्याची पिल्लं. प्रत्येक पिल्लासोबत लसीचं कार्ड द्यावं लागे, आणि ती कार्डं लिहायचं काम माझ्याकडे आलं.

रविवारी सकाळी तो कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणि भाजलेल्या शेंगा घेऊन यायचा. मी एकटीच राहते, त्यामुळे आमच्या बोलण्यात मध्ये कुणी नसायचं. तो शेंगा सोलत सांगायचा, मी लिहायची. जात, रंग, नर की मादी. जन्मतारखेपाशी आला की त्याचा हात थांबायचा.

पिल्लं सिन्नरकडच्या एका माणसाकडून येत. द्राक्षांच्या खोक्यांना हवेसाठी भोकं असतातच, तशा रिकाम्या खोक्यांत घालून तो जीपमधून पाठवायचा. कुठलं पिल्लू कधी जन्मलं, याची नोंद त्याच्याकडे नसे, किंवा असली तरी तो सांगत नसे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असा नियम आहे. गिऱ्हाइकाला मात्र तळहातावर मावणारं हवं असतं. पिल्लू जरा पायांवर नीट उभं राहायला लागलं की लोक म्हणतात, हे मोठं झालं, आता याला आपला लळा लागायचा नाही. म्हणून भाऊ मनाशी आठ-नऊ आठवडे मागे मोजायचा आणि त्या सुमाराची, लक्षात राहील अशी एखादी घरातलीच तारीख द्यायचा. त्याच्या लग्नाची, माझ्या निवृत्तीची. थंडीत आलेल्या पिल्लांना हमखास आमच्या आईचा वाढदिवस मिळायचा.

पहिल्यांदा त्याने ती तारीख सांगितली तेव्हा मी पेन खाली ठेवून हसले होते. म्हटलं, आई असती तर तिने तुझे कान उपटले असते. तो म्हणाला, "उपटले असते, आणि मग प्रत्येकाला दूधभात घातला असता."

पुढे पुढे गिऱ्हाइकं त्याला कुत्र्यांच्या वाढदिवसाचे फोटो पाठवू लागली. डोक्यावर कागदी टोपी, पुढ्यात केक, मागे सगळं कुटुंब. एका वर्षी आईच्या वाढदिवसाला तो मुद्दाम संध्याकाळी येऊन मला मोबाईल दाखवत म्हणाला होता, बघ ताई, आईसाठी आज शहरात तीन ठिकाणी केक कापलाय. आम्ही दोघं पुष्कळ हसलो. तारीख खोटी आहे हे मला ठाऊक होतं. मला फसवून कुणी ती लिहून घेतली नव्हती.

या फेब्रुवारीत तो गेला. सकाळी दुकानाचं शटर वर करताना छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी भावजयीने दुकान उघडलं. तिला दुसरा आधार नाही आणि मुलीचं शिक्षण अजून दोन वर्षं चालायचं आहे. दुकानाची नोंदणी भावाच्या नावावर होती, ती तिच्या नावावर करायची तर नव्याने अर्ज करावा लागणार होता. अर्जाला जोडायच्या निवेदनाचा मसुदा तिने कुणाकडून तरी करून आणला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की या दुकानातून आठ आठवड्यांहून लहान पिल्लू आजवर कधीही विकलेलं नाही.

"तुम्हीच लिहा, ताई. तुमचं अक्षर बघून साहेब लोकही नीट वाचतात."

मी कागद ठेवून घेतला. चार दिवस तो टेबलावर पडून होता.

त्याच आठवड्यात आमच्या वाचनालयाच्या सभागृहात चर्चा ठेवली होती. दुकानातून कुत्र्यांची विक्री कायद्याने बंदच करावी का, असा विषय होता. बाहेरच्या काही देशांत तशी बंदी आली आहे, त्यावरून कुणी तरी लेख वाचून दाखवला आणि मग बोलणी सुरू झाली. मी नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत बसले होते. एक बाई म्हणाल्या की रस्त्यावर इतकी पिल्लं असताना विकत आणायचंच कशाला. त्यांच्यामागून कुणी तरी विचारलं की मग तुमचा पांढरा पामेरियन सापडला कुठल्या रस्त्यावर, आणि सगळे हसले. जनावरांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की दुकानातली बंद केली तर विक्री मोबाईलवर जाईल. दुकानाला निदान शटर असतं, तिथे जाऊन भांडता येतं. मला दोन्ही बाजू पटत होत्या. त्या दिवशी तर दोन्ही बाजू पटतात हीच मला मोठी सोय वाटत होती.

मग नोटा छापायच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, जानेवारीत आम्ही पिल्लू आणलं, ते पाचव्या दिवशी गेलं. डॉक्टर म्हणाले, हे जेमतेम महिन्याचं असेल, याचे दात अजून धड आले नाहीत, हे आईच्या दुधावर असायला हवं होतं. ज्यांच्याकडून आणलं ते आता हयात नाहीत, म्हणून दुकानाचं नाव घेत नाही. त्यांनी खिशातून कार्ड काढलं आणि चष्मा वर सरकवून जन्मतारीख वाचली. ती आईच्या वाढदिवसाची होती.

"अक्षर बघा काय सुरेख आहे," ते म्हणाले. "असं अक्षर पाहिल्यावर माणूस शंका घेतो का?"

पुढे कोण काय बोललं ते माझ्या लक्षात नाही. चर्चा संपल्यावर चपला घालायच्या जागी मी त्यांना गाठलं आणि सांगितलं की ते अक्षर माझं आहे, दुकान माझ्या भावाचं होतं आणि ती तारीख आमच्या आईच्या वाढदिवसाची आहे. ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कार्ड परत खिशात ठेवलं.

"दुकानात याहून जरा मोठं एक होतं," ते म्हणाले. "तुमचे भाऊ तेच घ्या म्हणत होते. आम्हीच हट्ट धरला, लहान द्या म्हणून." मग चपलेत पाय सरकवत म्हणाले, "पिल्लू गेल्याचं सांगायला गेलो तर खाली बसले हो ते. दुसरं देतो म्हणाले. आम्ही नको म्हटलं."

हे भावाने मला सांगितलं नव्हतं. मी मागे मोजत गेले. जानेवारीतल्या एका रविवारी तो कार्डांशिवाय आला होता. नुसत्या शेंगा घेऊन आला, बोलला थोडं, आणि लवकर गेला. त्यानंतर त्याने कार्डं आणलीच नाहीत. त्याने काही ठरवलं होतं, की त्यानंतर नवी पिल्लंच आली नव्हती, हे आता मला कळायचं नाही. चांगलं तेवढं धरून ठेवावं असा मोह होतो. पण ज्याचा पुरावा नाही ते मी त्याच्या खात्यावर टाकू नये.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी भावजयीला सांगितलं की ती तिसरी ओळ मी लिहिणार नाही. ती पिशवीत पक्ष्यांसाठी बाजरी भरत होती. तिने मान वर केली नाही.

"ते गेल्यावर त्यांना खोटं ठरवणार तुम्ही?"

मी म्हटलं, फक्त त्याला नाही, मलाही.

"तुमची पेन्शन आहे, ताई." हे ती हळू आवाजात म्हणाली, आणि ते खरं होतं. मग पिशवीचं तोंड बांधत म्हणाली, "लोक काय त्यांच्या शब्दावर घ्यायचे? कार्ड बघून घ्यायचे. ते स्वतःच म्हणायचे, ताईच्या अक्षरावर दुकान चालतं."

मी तशीच घरी आले. आठ-दहा दिवस तिचा फोन नव्हता. तिने दुसऱ्या कुणाकडून निवेदन टाईप करून घेतलं असेल असं मी धरून चालले. तसं झालं असतं तरी तिला दोष द्यायला मला तोंड नव्हतं.

एका दुपारी ती स्वतः आली. अर्जात कोणकोणते प्राणी विकणार ते भरायचं असतं, तिथे तिने मासे आणि पक्षी एवढंच ठेवलं होतं. कुत्र्यांवर पट्टीने रेघ मारली होती. निवेदनात तिसरी ओळच नव्हती. कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिने आपण होऊन दिलं ते असं, की पिल्लांच्या खोक्याजवळ दिवा लावून त्यांना दर तीन तासांनी पाजायचं काम भाऊ करायचा, ते आपल्याच्याने होणार नाही. मी बरं म्हटलं. मग मी अर्ज आणि निवेदन स्वच्छ लिहून काढलं आणि तिने सही केली. चहा घेताना तिने मुलीच्या परीक्षेचं सांगितलं, भावाचा विषय आम्ही दोघींनीही काढला नाही.

आता रविवारी मीच दुकानात जाऊन बसते. विक्री पूर्वीसारखी नाही. मुलीने दुपारच्या शिकवण्या धरल्या आहेत. परवा एक तरुण जोडपं पिल्लू विचारायला आलं. ठेवत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरीकडचा पत्ता मागितला. भावजय म्हणाली, कुठेही घ्या, पण आधी पिल्लाची आई बघायला मागा, आई दाखवली नाही तर उठून या. कार्डावर जाऊ नका. बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही काचेच्या टाकीतले मासे बघत बसले.

त्यातली तरुणी नवऱ्याला म्हणाली, "एवढं कोण बघत बसतं?" ती दोघं पायरी उतरून गेली. भावजयीने तराजूत बाजरी ओतली, काट्याकडे बघितलं आणि मूठभर परत काढली.