टेम्पररी बडीशेप

“टेम्पररी आहे हो, ताई.”

हे त्याचं वाक्य. बुटाची नाडी तुटली, तर तिथे हॉटेलच्या सामानाच्या टॅगची दोरी बांधली. टेम्पररी. दाढी वाढली. टेम्पररी. पॉइंट कुक या उपनगरात ओळखीच्या एका कुटुंबाच्या गॅरेजमध्ये गादी टाकून राहत होता, तेही टेम्पररी. ऑस्ट्रेलियात येऊन वर्षं झाली होती, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला होता, तरी यानं कपड्यांचं कपाट घेतलेलं नव्हतं. रोज सकाळी सुटकेसमधून शर्ट काढायचा आणि सुटकेस परत बंद करायचा. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. परदेशात आपल्यात असे पुष्कळ असतात.

महामारीच्या पहिल्या वर्षी तो माझ्या टोळीत आला. मी तण काढणाऱ्या आणि झाडं लावणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीत टीम लीडर आहे. पुण्यात बॉटनी शिकले, इथे येऊन चिखलात उतरले, आणि मला ते आवडतं. त्या वर्षी हॉटेलं, जिम, विमानतळ सगळं बंद पडलं. सरकारने नोकऱ्या गेलेल्यांसाठी सहा महिन्यांची योजना काढली: ओढ्याकाठचं तण उपटा, देशी झाडं लावा, पगार घ्या. माझ्याकडे तरुण मुलांची एक टोळी पाठवली. त्यांतल्या कोणीही पूर्वी कुदळ धरलेली नव्हती. जॉश नावाचा एक जिम ट्रेनर होता, त्याच्या दंडांचा उपयोग झाला. आणि हा होता, शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला असलेला, तिशी ओलांडलेला, साताऱ्याकडचा.

पहिल्या दिवशी कुत्रा फिरवणाऱ्या एक बाई तावातावाने आल्या. आम्ही झाडं का मारतोय, कोणाच्या परवानगीने, वगैरे. मी उत्तर द्यायच्या आत याने कुदळ डाव्या हातात घेतली, उजवा हात छातीवर ठेवला आणि किंचित झुकून म्हणाला, “गुड मॉर्निंग, मॅम. हाऊ मे आय हेल्प यू?” अंगभर चिखल. बाई गडबडल्या. पाच मिनिटांनी त्या त्याला कुत्र्याचं नाव सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी केक आणला. मी तिथे इतकी वर्षं काम करतेय, मला कोणी बिस्कीटही दिलेलं नाही.

त्या ओढ्याकाठी आमचं मुख्य तण म्हणजे बडीशेप. हो, आपलीच. इथे ती पुरुषभर उंच माजते आणि दुसरं काही उगवू देत नाही. पहिलं झुडूप तोडलं तेव्हा याने वास घेतला आणि ओरडला, “ताई, ही तर बडीशेप!”

“तण आहे. मुळासकट काढ.”

“काढतो ना. पण बी?”

“बी पिशवीत. पिशवी डंपमध्ये.”

त्याने मान हलवली. दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत आम्ही आपापल्या उलट्या बादल्यांवर अंतर ठेवून बसलो होतो, तेव्हा तो स्टीलची डबी घेऊन उठला. एकेकासमोर झुकून, हात लांब करून, कागदाच्या चिटोऱ्यावर चिमूटभर बडीशेप ओतू लागला. रिसेप्शनवर पाहुण्यांना देतात तशी. जॉशला त्याचं वेडच लागलं. रोज डबा संपला की विचारायचा, “एनी बडीशेप, मेट?”

मी वैतागले. आम्ही सकाळभर जे उपटायचो, ते हे महाशय दुपारी हातातून सांडत वाटायचे. “निदान भाजून आणत जा,” म्हटलं, “म्हणजे उगवणार तरी नाही.”

“भाजतो ना, ताई. गॅरेजमध्ये शेगडी नाही, त्यांच्या किचनमध्ये सारखं जायला बरं वाटत नाही. ही एवढी तशीच आहे. टेम्पररी.”

आता ब्लेझरचं सांगते.

त्याच्या गाडीत मागच्या सीटवर ड्रायक्लीनच्या प्लास्टिकमध्ये हॉटेलचा नेव्ही ब्लू ब्लेझर टांगलेला असायचा. आठवड्यातून एकदा, आमच्या जेवणाच्या वेळेला, साताऱ्याला त्याच्या आईचा सकाळचा चहा व्हायचा आणि ती व्हिडिओ कॉल करायची. त्याआधी हा कामाचं भडक रंगाचं हाय-विज जॅकेट काढायचा, ब्लेझर चढवायचा, केस ओले करून बसवायचा आणि अवजारांच्या कंटेनरच्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. कमरेच्या वर ड्युटी मॅनेजर. कमरेच्या खाली नारिंगी पँट आणि चिखलाचे बूट.

एकदा जॉश कुदळ घेऊन मागून गेला.

“हा कोण रे?” आईचा आवाज.

“माळी आहे, आई. हॉटेलचा.”

नंतर जॉशने विचारलं, “व्हॉट डिड यू टेल हर?”

“दॅट यू आर द गार्डनर.”

“वेल, आय ॲम, मेट. सो आर यू.”

सगळे हसले. हाही हसला, पण ब्लेझर काढताना जरा जास्त वेळ लावला.

मला हा प्रकार आवडायचा नाही. काम करतोस, पगार घेतोस, चोरी करत नाहीस, मग लपवतोस कशाला? तो म्हणायचा, “ताई, वडील गेल्यावर तिने मला हॉटेलच्या शिक्षणाला पाठवलं. सगळ्या गावात सांगितलं. आता सांगू की मी गवत उपटतो? हॉटेल उघडलं की प्रश्नच मिटला. टेम्पररी तर आहे.”

एका कॉलच्या वेळी त्याने अचानक फोन माझ्यापुढे धरला. “आईला मॅडमशी बोलायचंय.” मी टोपी काढली. स्क्रीनवर चष्मा लावलेली, शांत चेहऱ्याची बाई. माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, “मॅडम, तुमच्या हॉटेलात पक्षी फार ओरडतात हो.”

मी म्हटलं, “हो, बाग मोठी आहे.” फोन परत दिला आणि त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. मला उगाच खोटं बोलायला लावलेलं चालत नाही.

पण काम चोख करायचा. ज्या रोपाला काठी लावायची, त्याला काठी लावूनच पुढे जायचा. लोकांना सांभाळायची त्याची पद्धत तर मी कंपनीत कोणात पाहिलेली नाही. त्यामुळे थंडीत आमच्याकडे एक कायमची जागा निघाली, तेव्हा मी साहेबांना परस्पर सांगितलं की मला हाच हवा. साहेब म्हणाले, त्याने फक्त हो म्हणू दे, बाकी मी बघतो.

मी त्याला कंटेनरमागे नेऊन सांगितलं. पर्मनंट. सुट्ट्या, म्हातारपणासाठीचं सुपर, सगळं.

त्याचा चेहरा आधी उजळला. मग म्हणाला, “मला थोडा वेळ द्याल?”

“कशाला?”

“हॉटेलवाले म्हणालेत, बोलावू. आणि पर्मनंट म्हटल्यावर आईला सांगावं लागेल ना.”

“मग सांग.”

“सांगतो ना.”

इथे मी तुम्हालाच विचारते, काय करायचं असतं अशा माणसाचं? त्याच आठवड्यात मोठा लॉकडाउन लागला. आम्हाला परमिटवर काम चालू ठेवता आलं, बाकी शहर ठप्प. मी दर सोमवारी विचारायची, “सांगितलंस?” तो म्हणायचा, “या आठवड्यात नक्की.” मग ब्लेझर, पांढरी भिंत, ओले केस. त्याच्या हॉटेलात परदेशातून आलेल्या लोकांना क्वारंटाइनमध्ये ठेवायला लागले होते, पण त्याचा फोन काही वाजला नाही. साहेब मला विचारायचे, तुझ्या माणसाचं काय? मी म्हणायची, होतंय. दुसऱ्यासाठी “होतंय” म्हणत राहणं मला फार जड जातं.

वसंत आला. गवताला तुरे आले. एका दुपारी मी कंटेनरच्या या बाजूला कुदळी धूत होते, तेव्हा पलीकडून त्याचा आवाज आला.

“आई, एक सांगायचंय. मी सध्या हॉटेलात नाही.”

मी पाणी बंद केलं.

“अरे, माहीत आहे मला.”

“म्हणजे?”

“तुझ्या कोटाला कुसळं लागलेली असतात रे. दर वेळी. बाहीला, खिशाला. हॉटेलात कुठून येणार कुसळं? मला वाटलं, शेतावर कामाला लागलास.”

हा कसाबसा म्हणाला, “मग तू बोलली का नाहीस?”

“तू एवढा कोट घालून उभा राहायचास. म्हटलं, याला सांगायचं तेव्हा सांगेल. काम बरं आहे ना? त्या मॅडम ओरडत नाहीत ना फार?”

तो कोपऱ्यावरून वळला तेव्हा डोळे लाल होते आणि तोंडभर हसू होतं. “ताई, साहेबांना हो म्हणून सांगा.”

मी लगेच फोन केला. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले की त्याच सकाळी वरून ईमेल आलाय, नवीन भरती बंद. जागा गोठवली. महिनाभर आधी कळवलं असतंस तर.

मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगणं मला येत नाही. त्याने ब्लेझर काढला, बाहीवरचं एकेक कुसळ नखाने उपटलं, आणि म्हणाला, “चला, रोपांचे दोन ट्रे राहिलेत लावायचे.”

मला त्याचा इतका राग आला होता, की मी ते दोन ट्रे त्याच्या बाजूला बसून, एक शब्द न बोलता लावले.

योजना उन्हाळ्याच्या तोंडावर संपली. ज्याने कोणी हे वेळापत्रक आखलं, त्याने आयुष्यात एक झाड लावलेलं नसणार. शेवटच्या दिवशी बाकीचे फोटो काढत होते, आणि हा विचारत होता, “पाणी कोण घालणार, ताई?” त्याच्या तोंडून मी ऐकलेला पहिला प्रश्न, ज्यात टेम्पररी काहीच नव्हतं. त्या ओढ्याचं आमचं कंत्राटही तिथेच संपत होतं.

पुढे बरेच महिने त्याने घरोघर जेवणाची पार्सलं पोचवली. राज्यांच्या सीमा उघडल्यावर तो पार पश्चिमेला, कालगुर्लीला गेला, खाणकामगारांच्या कॅम्पवर खोल्या आणि चाव्या सांभाळायला. तो गेल्यावर काही दिवसांतच आमची जागा परत निघाली. मी फोन लावला. “आत्ता ये. या वेळी विचार करू नकोस.”

“ताई, इथे आत्ताच सही केलीय. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे. मध्येच सोडलं तर बरं दिसत नाही. संपलं की येतो ना. टेम्पररी आहे.”

“जागा थांबणार नाही.”

“हो,” तो म्हणाला. मग म्हणाला, “इथे झाडंच नाहीत हो फारशी. सगळी लाल माती.”

जागा जॉशला मिळाली. चांगला आहे जॉश. सहा महिने संपले, तिकडून काही फोन आला नाही. मीही केला नाही.

त्या वसंतात ओढ्याचं काम आम्हाला परत मिळालं. जॉश आणि मी बघायला गेलो. रोपांचे प्लास्टिकचे गार्ड रांगेत उभे होते, बहुतेक रिकामे. आम्ही लावलं ते बरंचसं वाळलं होतं. कंटेनर कधीच उचलून नेलेला. पण त्याची जागा शोधावी लागली नाही. जिथे आमच्या उलट्या बादल्या असायच्या, बरोबर तिथे, एकेका बादलीसमोर एकेक, बडीशेपेची हिरवीगार झुडपं उभी होती. अंतर ठेवून.

जॉश हसायला लागला. मी नाही. मी कुदळ घेतली आणि एका टोकापासून सुरुवात केली. सगळी मुळासकट निघाली. शेवटचं झुडूप कंटेनरच्या पांढऱ्या भिंतीच्या जागेजवळचं होतं, त्याच्या बादलीचं. जमीन कडक होती. मी ओढलं आणि मूळ मध्येच तुटलं. अर्धं हातात, अर्धं आत. अर्धं राहिलेलं मूळ पुढच्या वर्षी जास्त जोमाने येतं, हे मीच दर नव्या मुलाला पहिल्या दिवशी शिकवते.

“वॉन्ट मी टू डिग इट आऊट, बॉस?” जॉशने विचारलं.

हातमोज्यांना वास येत होता. मी पायाने माती सारखी केली.

“लीव्ह इट,” म्हटलं. “टेम्पररी आहे.”